पाहुण्यांच्या दिवशी हलणारा काटा

सेल काढून टेबलावर ठेवले होते. सेलच्या जागी शंकाबाईने तारेची दोन टोकं नुसती एकमेकांना पिळून टाकली होती. म्हणजे वीज यायला आता कुठूनही वाट नव्हती. आणि तरीही मीटरचा काटा मधल्या शून्यावरून उठला, आणि नेहमीच्या बाजूला न जाता उलट्या बाजूला कलला.

मामांच्या हातातली बाटली ओट्यावर जरा जोरातच टेकली.

"बंद कर ते," मामा म्हणाले.

"बंदच आहे, मामा. हे बघा सेल, इथे पडलेत."

"मग झाकून ठेव."

"काय झाकू? काटा?"

 मामा भिंतीकडे बघत होते. भिंतीला खिळा होता, खिळ्याला पांढरा कोट होता, आणि त्या कोटाच्या मालकाला जाऊन आठ वर्षं झाली होती.

मामा हे त्या शाळेच्या प्रयोगशाळेतले मदतनीस. खरं नाव पगारपत्रकात असेल, बाकी कुठे ते कुणी उच्चारलेलं आठवत नाही. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: काच धुतली. चंचुपात्रं, परीक्षानळ्या, नरसाळी, चपट्या बुडाचे चंबू. पण ते काम ते असं करायचे, की घाईने जाणाऱ्यानेही थांबून बघावं. बाह्या दुमडून, मान किंचित तिरकी करून, पात्र उजेडाकडे धरून आतून एक फेर, बाहेरून एक फेर. शेवटी बोट ओल्या कडेवरून फिरवायचे. कुंईऽ असा आवाज आला, की म्हणायचे, "बोलली. झाली स्वच्छ." नाही आला की पुन्हा साबण. नवीन आलेल्या शिक्षकांना ते काच कशी धरायची हे शिकवायचे, आणि शिक्षकही शिकायचे, कारण मामांच्या चेहऱ्यावर तेव्हा असा भाव असे की नाही म्हणायची सोय नसे.

शंकाबाई म्हणजे नववीतली मुलगी. तासाला हात वर करून "बाई, एक शंका" हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं, की वर्गाने तिचं बारसं नव्याने केलं. तिचा प्रयोग साधा. वेगवेगळ्या द्रवांत कार्बनच्या दोन कांड्या बुडवायच्या, त्यातून वीज सोडायची, आणि काटा किती हलतो ते मांडायचं. मिठाच्या पाण्यात काटा धावतो. लिंबाच्या रसात चालतो. साखरेच्या पाण्यात, तेलात जागचा हलत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, ज्यात काटा झोपून राहिला पाहिजे. त्यानेच सिद्ध होतं की वीज पाणी वाहून नेत नाही, पाण्यात विरघळलेलं काहीतरी नेतं.

आठवडाभर तालमी चालल्या होत्या. सगळ्या झकास. काटा शहाण्या मुलासारखा झोपलेला. आणि काल मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः बघायला आल्या, तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये काटा सुटला तो थेट मीटरच्या तिसऱ्या खुणेपर्यंत.  मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि निघताना म्हणाल्या, "परवा बाहेरचे तीन परीक्षक येतायत. नसेल जमत तर आपण नाव मागे घेऊ. त्यात लाज नाही."

त्यात लाज होती. शंकाबाईचे डोळे भरले, पण मामांचं काय झालं ते कुणी पाहिलं नाही. ते दारात उभे होते आणि त्यांच्या पायांखालची फरशी अकरा वर्षं मागे गेली होती.

तेव्हाही हेच टेबल होतं. हाच मीटर. टेबलामागे सर उभे होते, तो कोट घालून. विज्ञानाचे सर, आवाज असा, की शेवटच्या बाकावरचा पेंगणारा मुलगाही सरळ बसे. जिल्ह्याच्या मोठ्या विज्ञान केंद्राचं प्रमुखपद त्यांना मिळणार, हे जवळपास ठरल्यात जमा होतं. एक समिती येऊन त्यांचं शिकवणं बघणार, तेवढंच बाकी. शाळेत एवढे मोठे पाहुणे पहिल्यांदाच येत होते. सरांनी हाच प्रयोग निवडला, वीस वर्षं हाताखालून गेलेला. त्यांनी डिस्टिल्ड वॉटर ओतलं, मुलांकडे बघून थांबले, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "आता बघा. काहीही होणार नाही."

आणि काटा हलला.

सरांनी दुसरं लखलखीत पात्र घेऊन पाणी बदललं. हलला. सेल तपासले. हलला. समितीतला एक जाडजूड गृहस्थ मिशीत हसला आणि म्हणाला, "सर, पाणी गढूळ आहे की शिकवणं?" पन्नास मुलं एकदम हसली. मुलांचा दोष नाही. हसू ते हसूच. पण सरांचं नाव त्या दिवसापासून 'गढूळ सर' पडलं ते पडलंच. केंद्र दुसऱ्या कुणाला मिळालं. दोन वर्षांनी सर निवृत्त झाले, आणि वर्षभरात गेले. त्या दिवसानंतर तो प्रयोग शाळेत कुणी केला नव्हता. पुस्तकातलं चित्र दाखवून भागवत होते.

चूक कुणाची होती? हा एक प्रश्न मामा अकरा वर्षं उशाशी घेऊन झोपत होते. सर चुकणं शक्य नव्हतं. मग कोण? संध्याकाळी प्रयोगशाळेला कुलूप लावताना कुणीतरी आत घसा खाकरल्यासारखं वाटे. सर धडा सुरू करण्याआधी खाकरत, अगदी तसं. मामा कुलूप धरून थांबत आणि म्हणत, "उद्या बघू, सर." कोट त्यांनी कधी काढू दिला नाही. दर महिन्याला घरी नेऊन धुवायचे, इस्त्री करून परत आणायचे. आणि काल काटा पुन्हा उठला तेव्हा त्यांच्या मनाने निर्णयच देऊन टाकला: सर आलेत. पाहुणे आले की सर येतात. त्यांचं काहीतरी बोलायचं राहिलंय.

म्हणून आज, सेल काढलेले असताना काटा उलटा गेला, तेव्हा मामांची नजर थेट कोटावर गेली.

"मामा, तुम्ही घाबरलात?"

"मी? मला कोण घाबरवणार? तुझ्याएवढा होतो तेव्हा..." 

शंकाबाई पात्रावर वाकली. नाक जवळजवळ मिठाच्या पाण्यात. "कांड्यांवर बुडबुडे चिकटलेत. बघा ना, नुसते फेसाळलेत." तिने एक कांडी टकटक वाजवली. बुडबुडे सुटून वर आले आणि काटा हळूहळू खाली येत शून्यावर टेकला. "वायू आहे तो. मगाशी वीज सोडली तेव्हा तयार झालेला. तो कांड्यांवर बसून स्वतःच छोटा सेल झाला, आणि त्याने वीज उलट ढकलली. असंच असणार." तिने वहीत लिहिलं. मग मामांकडे बघून म्हणाली, "भूत नव्हतं हं."

"मी कुठं म्हटलं?"

"चेहऱ्याने म्हटलंत."

मामांना हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. उलट कुणीतरी येऊन दारातूनच परत गेल्यासारखं झालं.

"पण माझी मूळ पंचाईत तशीच आहे," शंकाबाई म्हणाली. "डिस्टिल्डचं काय?"

दुपारभर दोघं झटले. सेल नवे घातले. तारा बदलल्या. कांड्या घासून नव्यासारख्या केल्या. मामांनी ऊर्ध्वपातनाचं यंत्र लावून ताजं पाणी काढलं, थेंब थेंब, आणि ते थंड होईस्तोवर दोघांनी तिच्या डब्यातली बिस्किटं संपवली. फळीवरचं एक चंचुपात्र घेऊन त्यात ते पाणी ओतलं. काटा झोपलेला.

"चालतंय!" मामा म्हणाले.

"तेच तर वाईट आहे," शंकाबाई वैतागली. "बिघडलेलं सापडलंच नाही, तर उद्या पुन्हा बिघडेल. मला बिघडवायचंय."

बिघडेना. जुनं पाणी घातलं, काटा झोपलेला. जुने सेल, जुन्या तारा घातल्या. तरी झोपलेला. पाहुणे नाहीत ना, मामांच्या मनात आलं.

शंकाबाईने वहीची मागची पानं उलटली. तिची सवय अशी, की ती सगळं लिहायची; खोलीत कोण होतं, पंखा चालू होता का, तेसुद्धा. मामा तिला त्यावरून चिडवायचे, की तू जेवतानाही घास मोजत असशील. "सात वेळा केला. सहा वेळा बरोबर. एकदाच चुकला, काल. काल वेगळं काय होतं? पाणी तेच. कांड्या त्याच. मोठ्या बाई होत्या, पण त्या काही पाण्यात उतरल्या नव्हत्या." ती हसली. मग वहीतून मान वर न करता तिने विचारलं, "मामा, काल तुम्ही काही वेगळं केलं होतं?"

"मी? मी काय वेगळं करणार? उलट काल तर मी जास्तच..."

ते तिथे थांबले.

"जास्त काय?"

भिंतीवर कोटाच्या शेजारी खुंट्यांची एक लाकडी फळी होती. धुतलेली पात्रं त्या खुंट्यांवर उलटी अडकवायची आणि हवेवर वाळू द्यायची. रोजचा नियम. पण मामांकडे एक फडकं होतं. जुन्या चादरीचं, वापरून वापरून पिसासारखं मऊ झालेलं. ते धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळायचं आणि स्वच्छ पाण्यात न खळबळता तसंच पिळून वाळवायचं, हा मामांचा स्वतःचा शोध. खळबळलं की चकाकी जाते. त्या फडक्याने पुसलेली काच अशी लखलखायची, की ती आहे की नाही ते कळू नये. रोज कोण एवढं करतो? ते फडकं पाहुण्यांसाठी.

"जास्त काय, मामा?"

"पुसली," मामा म्हणाले. "आतून बाहेरून. कांड्यासुद्धा."

शंकाबाईचे डोळे मोठे झाले. "कशाने?"

मामांनी कपाट उघडलं. घडी केलेलं फडकं बाहेर काढलं. त्यांना आता सगळं कळलं होतं, पण मन अजून पाय रोवून उभं होतं. त्यांनी फळीवरचं दुसरं कोरडं चंचुपात्र उचललं आणि स्वतःच्या हाताने, चौतीस वर्षांच्या सफाईने ते पुसलं. आतून एक फेर. बाहेरून एक फेर. मग कांड्या. मुलीने पाणी ओतलं, तारा जोडल्या.

काटा उठला. कालच्याच जागेवर जाऊन थांबला.

"सोडा!" शंकाबाई टाळ्या वाजवत नाचली. "फडक्यातला सोडा काचेवर बसतो, डोळ्यांना दिसतच नाही, आणि पाणी ओतलं की विरघळतो! मामा, सापडलं! आपल्याला सापडलं!"

मामा स्टुलावर बसले होते. ते हसले, कारण तिच्यासाठी हसायला हवं होतं. "हुशार आहेस," ते म्हणाले. "जा आता. उशीर झाला, आई वाट बघत असेल."

"तुम्हाला बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? जा, शंकाबाई."

ती गेल्यावर प्रयोगशाळेत इतकी शांतता झाली, की यंत्रातून उरलेला एकेक थेंब पडताना ऐकू यावा. मामा फळीकडे बघत राहिले. ती फळी शाळेने लावलेली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी, समिती येऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी, सरांनी ती स्वतः घरून करून आणली होती. एका रविवारी येऊन ठोकली. सोमवारी म्हणाले होते, "मामा, फडक्याला सुट्टी. यापुढे काच हवेवर वाळलेली बरी." मामांना वाटलं होतं, नवं खूळ. निवृत्तीपर्यंत सरांचा शब्द पाळला. नंतर पाहुणे येणार म्हटल्यावर फडकं पुन्हा काढलं. ओलसर डागाळलेली काच कुणाच्या पुढ्यात कशी ठेवायची?

सरांना पंधरा दिवसांत सापडलं होतं. आणि ते बोलले नव्हते.

मामांनी खोलीत हळूच हाक मारली, "सर?" कुणी खाकरलं नाही.

दिवेलागणीला ते सरांच्या घराच्या पायऱ्या चढत होते. तिसरा मजला. दोन खोल्यांचं घर, दारावर अजून सरांच्या नावाची पाटी. गेल्या आठ वर्षांत मामा इथे आले नव्हते. घंटी वाजवताना त्यांना वाटलं, ऐकूच गेली नाही तर बरं. दार वहिनींनी, सरांच्या पत्नीने, उघडलं. केस पूर्ण पांढरे झाले होते.

"मामा," त्या म्हणाल्या. आश्चर्य नाही, आनंद नाही. "या."

बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. मामांनी पेला हातात धरला आणि प्यायचं विसरले. "वहिनी, समिती आली होती त्या दिवशीचं... ते पाणी..." शब्दांची जुळणी होईना. "ते माझ्यामुळे झालं. माझं फडकं होतं. आज कळलं. पोरीने शोधलं. मी मुद्दाम नाही हो, मी तर काच चमकावी म्हणून..."

"माहीत आहे."

मामांनी मान वर केली.

"त्याच महिन्यात सांगितलं होतं त्यांनी मला," वहिनी म्हणाल्या. "इथेच, याच टेबलावर सात रात्री भांडी मांडून बसले होते. सापडलं तेव्हा मला स्वयंपाकघरातून ओढत आणलं दाखवायला. मी म्हटलं, उद्याच्या उद्या समितीला लिहा. मुलांना सांगा. तो शिपाई कुठला, त्याच्यापायी तुमचं नाव मातीत गेलं. तर म्हणाले, नको. मामांना कळलं तर ते पुन्हा काचेला हात लावणार नाहीत."

खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"ते मोठ्या मनाचे होते," मामा कसेबसे म्हणाले.

"होते. मी नाही." वहिनींचा आवाज चढला नाही, म्हणूनच तो लागला. "ते गेले तेव्हा तुम्ही आला होतात. मी तोंड फिरवलं. तुम्हाला वाटलं असेल, रडतेय. मी रडत नव्हते, मामा. मला तुमचं तोंड बघायचं नव्हतं. लोकांनी त्यांना गढूळ म्हटलं आणि ते ऐकून घेत राहिले. भाजी घ्यायला गेले तरी पोरं मागून ओरडायची. आणि तुम्ही दर महिन्याला त्यांचा कोट धुताय, हे मला कुणीतरी येऊन कौतुकाने सांगायचं!"

मामांना रडू आलं नाही. ते फक्त मान हलवत राहिले, जणू कुणी मोजमाप सांगतंय आणि ते बरोबर येतंय.

"मी उद्या सगळ्यांसमोर सांगतो," ते म्हणाले. "परीक्षकांसमोर. आणि यापुढे काचेला हात लावत नाही. निवृत्तीला चार महिने राहिलेत, रजा टाकतो."

"म्हणजे ते उगाच गप्प बसले?" वहिनी एकदम म्हणाल्या. "एकाच गोष्टीसाठी गप्प होते ना ते?"

मामा पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिले.  मग वहिनी उठल्या, मामांच्या हातातला भरलेला पेला घेतला, आणि पाठमोऱ्या उभ्या राहून विचारलं, "किती वाजता आहे त्या मुलीचं?"

"अकराला."

"काच तुम्हीच धुवा. फडकं तेवढं आणू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी एकच चंचुपात्र सहा वेळा धुतलं. डिस्टिल्ड वॉटरने खळबळलं, उलटं टांगलं, आणि हात मागे बांधून उभे राहिले. वाळताना काचेवर दोन थेंबांचे डाग उठले. त्यांचे हात शिवशिवले. शंकाबाई म्हणाली, "मामा, डाग राहू द्या." ते म्हणाले, "मी कुठं काय करतोय?"

अकराला तीन परीक्षक आले, मोठ्या बाई आल्या, वर्ग भरला. सगळ्यांच्या मागून वहिनी आल्या आणि शेवटच्या बाकावर मुलींच्या शेजारी बसल्या. त्यांना ओळखणारं तिथे मोठ्या बाई आणि मामा सोडून कुणी नव्हतं.

मिठाच्या पाण्यात काटा धावला. लिंबाच्या रसात चालला. तेलात निजला. मग शंकाबाईने डिस्टिल्ड वॉटर ओतलं. मामांनी दाराची चौकट घट्ट धरली होती.

काटा हलला नाही.

"अडचणी काय आल्या?" मधल्या परीक्षकाने विचारलं.

शंकाबाई घुटमळली. "भांडं एकदा चुकीच्या फडक्याने पुसलं गेलं होतं," ती म्हणाली. "म्हणजे... पुसलं गेलं."

"मी पुसलं," दारातून मामा म्हणाले. सगळ्या माना वळल्या. "आणि अकरा वर्षांपूर्वी याच टेबलावर समितीपुढे काटा हलला होता, तेव्हाही मीच पुसलं होतं. सरांचं काही चुकलं नव्हतं. पाणीही गढूळ नव्हतं आणि सरही नव्हते. एवढंच सांगायचं होतं."

मुलांना त्यातलं काही कळलं नाही. गढूळ सर म्हणजे कोण, हे माहीत असलेली मुलं केव्हाच मोठी होऊन निघून गेली होती. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. मधल्याने "बरं, बरं" म्हणून कागदावर काहीतरी लिहिलं. मोठ्या बाईंनी मात्र चष्मा काढला, आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

घंटा झाली. परीक्षक गेले, वर्ग गेला. वहिनी पुढे टेबलापाशी आल्या. वाकून त्यांनी मीटरकडे पाहिलं, डाग असलेल्या पात्राकडे पाहिलं.

"हे एवढंच होतं?" त्यांनी विचारलं. "काही न होणं?"

"एवढंच, वहिनी."

त्यांनी स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या. शंकाबाई तारा गुंडाळत होती. तिला त्या म्हणाल्या, "पुन्हा दाखव बघू."

तिने पुन्हा तारा जोडल्या. मामा नवीन पात्र आणायला फळीकडे वळले.